गल्लीचा हक्क

मुंबईत शीव आणि माहीम या दोन स्थानकांच्या मधोमध धारावी आहे. एका बाजूला मध्य रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूला पश्चिम रेल्वेचे आणि उत्तरेला मिठी नदी. जागा दोन-अडीच चौरस किलोमीटरची. माणसे किती, याचे अंदाज सहा लाखांपासून दहा लाखांपर्यंत सांगितले जातात. येथल्या दोन मोठ्या रस्त्यांची नावे त्यांच्या रुंदीवरून पडली आहेत, नव्वद फुटी आणि साठ फुटी. त्यांच्यावरून कोणत्याही बाजूला आत वळा, वीस-पंचवीस पावलांत फुटांचा हिशेब बदलतो. गल्ली आधी आठ फुटांची होते, मग पाचाची, मग तीनाची. शेवटी समोरून कुणी आले तर एकाने भिंतीला पाठ लावून उभे राहायचे आणि दुसऱ्याने अंग चोरून पुढे जायचे.

धारावीवर पुष्कळ लिहून झाले आहे. कुणाला तिथली घाण दिसते, कुणाला तिथले उद्योग. शिक्षकांचे तिथे जाणे वेगळ्या कारणांनी होते. शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण, मतदार याद्यांचे काम, किंवा आठ दिवस गैरहजर असलेल्या मुलीच्या घरची चौकशी. या फिरण्यात घराच्या आत जाण्याचा प्रसंग क्वचितच येतो. सगळी विचारपूस दारातच होते. त्यामुळे ओटा, पायरी, दारापुढची फरशी आणि चार घरांत मिळून असलेला छोटा चौक ही जागा मला जवळून पाहायला मिळाली. ही जागा धड घराची नाही आणि धड रस्त्याचीही नाही, पण वस्तीतल्या माणसांचा निम्मा दिवस तिथेच जातो.

दारापुढचे दीड हात

खोली दहा बाय बाराची. त्यात मोरी, स्वयंपाकाची फळी, कपाट, पलंग आणि वर पत्र्याखाली माळा. माणसे सहा, कधी आठ. अशा खोलीला दारापुढे दीड-दोन हातांचा ओटा असला की तीच खोली दीडपट होते. ओट्यावर कडाप्पा किंवा फुटक्या लाद्यांचे तुकडे बसवलेले असतात. वर ताडपत्री किंवा पत्र्याची झड. बाजूला पाण्याचे निळे पिंप, झाकणावर वीट.

पहाटे नळाला पाणी येते ते तास-दोन तास. त्या वेळात ओटा म्हणजे न्हाणीघर आणि धुण्याची जागा. आठ वाजता तिथेच मुलींच्या वेण्या घातल्या जातात. दहानंतर भाजी निवडणे, तांदूळ पाखडणे. दुपारी ज्यांच्या हाताला काम आहे त्या बायका शर्टांचे धागे कापतात, साडीला टिकल्या लावतात, माळा ओवतात. काही गल्ल्यांत पालथ्या टोपल्यांवर पापड वाळत असतात आणि येणारा-जाणारा मुलांना हाताने बाजूला करत वाट काढतो. संध्याकाळी मुले दप्तर घेऊन बसतात, कारण आत दिवा असला तरी जागा नसते. रात्री अकरानंतर घरातले मोठे मुलगे आणि पाहुणे चटई टाकून तिथेच झोपतात. एका ओट्याने दिवसात सहा-सात कामे केलेली असतात.

एका खालाजानला मी विचारले, "दिवसभर दारातच बसता, आत उकडतं का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "अंदर तो सोते हैं, टीचर. रहते तो इधर हैं."

चार्ल्स कोरिआ या प्रसिद्ध वास्तुविशारदांनी आपल्या शहरांतल्या गरिबांच्या घरांचा विचार करताना नेमके हेच मांडले होते. माणसाला राहायला फक्त खोली पुरत नाही, असे त्यांचे म्हणणे. पहिली जागा कुटुंबाची खासगी, दुसरी दारातली पायरी, तिसरी नळाची किंवा विहिरीची, चौथी मैदानाची, अशा चार जागा मिळून एक घर होते. यातली एक काढून घेतली तर बाकीच्या तिघींवर ताण येतो. नवी मुंबईत बेलापूरला १९८० च्या दशकात त्यांनी जी वसाहत बांधली, तिच्यात सात-आठ घरांमागे एक सामाईक अंगण ठेवले. धारावीतल्या बायकांनी कोरिआ वाचलेले नाहीत, पण त्या ही गोष्ट रोज जगतात.

गावागावांतून आलेले ओटे

धारावीच्या गल्ल्या एकसारख्या वाटतात, पण दारापुढची जागा नीट पाहिली तर कोण कुठून आले ते कळते.

सगळ्यांत जुना कोळीवाडा. १९०९ च्या मुंबई गॅझेटियरमध्येही धारावीच्या कोळीवाड्याची नोंद आहे. तेव्हा इथे खाडी होती आणि मासेमारी चालायची. पुढे खाडी बुजत गेली आणि मासेमारी गेली, पण कोळीवाड्यातली जुनी घरे, दारापुढचे मोकळे आवार आणि क्रूस अजून दिसतात.

कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेले कुंभार १९३० च्या दशकात वसले. तिथे दोन रांगांच्या मधले अंगण हाच कारखाना. चाक दारात, माती ओट्यावर, कच्ची मडकी उन्हात आणि भट्टी सामाईक. भट्टीत कापडाच्या चिंध्या जळतात आणि धुराने डोळे चुरचुरतात. कोणाची भट्टी कोणत्या दिवशी पेटणार हे ठरलेले असते. दिवाळीआधी त्या अंगणात पणत्यांच्या राशींतून पाय ठेवायला जागा नसते.

तामिळनाडूतून, विशेषतः तिरुनेलवेली भागातून, मुसलमान चामडे कमावणारे आले. वांद्र्याचा जुना कत्तलखाना जवळ होता, म्हणून कातडी कमावण्याचा धंदा इथे रुजला. त्यांनी उभारलेली बडी मशीद १८८७ सालची सांगितली जाते. कत्तलखाना देवनारला गेला, कमावण्याचे काम बरेचसे बंद झाले, आता पिशव्या, पाकिटे, पट्टे बनतात. तामिळ हिंदूंच्या दारात सकाळी तांदळाच्या पिठाची रांगोळी असते. त्याच गल्लीत पुढे एखाद्या दारावर "माशाअल्लाह" लिहिलेली फरशी बसवलेली असते. मदरशाला जाणारी मुले रांगोळीवर पाय पडू नये म्हणून उडी मारून जातात. हे त्यांना कुणी शिकवलेले नसते.

उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले जरीचे, शिलाईचे कारागीर बहुधा एकटे असतात. ते कारखान्याच्या माळ्यावर राहतात. त्यांना ओटा नाही. शुक्रवारी जुमाच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर आणि चहाच्या टपरीपुढे ते बसलेले दिसतात, गावी फोन करतात. त्यांच्यापुरती तीच ओट्याची जागा.

रस्त्याचा हक्क

दार आणि रस्ता यांमधल्या जागेचा विचार आपल्या दीनमध्ये किती बारकाईने केला आहे, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आदरणीय अबू सईद खुदरी (रजि.) यांची हदीस आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सहाबांना रस्त्यावर बसण्यापासून सावध केले. सहाबांनी अडचण सांगितली की आम्हाला बसून बोलायला दुसरी जागाच नाही. धारावीतला माणूसही हेच सांगेल. तेव्हा आपण (स.) त्यांना मनाई केली नाही, तर बसायचेच असेल तर रस्त्याचा हक्क द्या, असे सांगितले. तो हक्क कोणता? नजर खाली ठेवणे, कुणाला त्रास न देणे, सलामला उत्तर देणे, भल्याचा आग्रह धरणे आणि वाईटापासून रोखणे.

या हदीसमध्ये सहाबांची गरज ऐकून घेतली गेली, ही गोष्ट मला मोठी वाटते. लोकांना घरात जागा नाही, त्यांना बाहेर बसावेच लागते, हे मान्य केले गेले आणि मग त्या बसण्याला शिस्त दिली गेली.

दुसरी हदीस आदरणीय अबू हुरैरा (रजि.) यांची, बुखारीतली. रस्त्याच्या रुंदीवरून तंटा झाला तर सात हात सोडावेत, असा निर्णय त्यात आहे. हात म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. सात हात म्हणजे सुमारे साडेदहा फूट. उलेमांनी याचा खुलासा करताना लादलेली जनावरे समोरासमोर आली तरी निघून जावीत, असे म्हटले आहे. आज आपण त्या जागी रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाची गाडी धरू या. धारावीच्या किती गल्ल्या या मापात बसतील?

वाटेतली इजा देणारी वस्तू दूर करणे हा ईमानचा एक भाग आहे, हे आपण मुलांना मकतबमध्ये पाठ करून घेतो. शेजाऱ्याने तुमच्या भिंतीत लाकूड टेकवले तर त्याला अडवू नये, अशीही हदीस आहे. भिंतीला भिंत असलेल्या वस्तीत हिचा अर्थ जितका कळतो, तितका बंगल्यात राहून कळत नाही.

पुढे मुस्लिम शहरांत फकीह लोकांनी या शिकवणुकीवर सविस्तर नियम केले. चौदाव्या शतकात ट्युनिस शहरात इब्न अर्-रामी नावाचे गवंडी होते. भिंती, दारे, गटारे, गल्ल्या यांवरचे तंटे काझीपुढे जात, तेव्हा त्यांचे मत घेतले जाई. त्यांनी बांधकामाच्या कायद्यावर अरबीत ग्रंथ लिहिला. त्या परंपरेत घराच्या भिंतीला लागून असलेल्या पट्ट्याला "फिना" म्हणत. घरमालकाने तो वापरावा, तिथे बसावे, जनावर बांधावे, सामान उतरवावे. मात्र जाणाऱ्याला त्रास झाला की हा हक्क संपला. बंद गल्ली ही तिथल्या सगळ्या घरांची सामाईक मालमत्ता. सर्वांच्या संमतीशिवाय तिच्यात फेरफार करता येत नसे. समोरच्या दाराच्या अगदी समोर नवे दार काढायचे नाही, थोडे बाजूला घ्यायचे, म्हणजे नजर थेट आत जाणार नाही. या सगळ्याच्या मुळाशी एक हदीस होती. स्वतःला अपाय करून घेऊ नये आणि दुसऱ्यालाही करू नये, असा तिचा आशय.

धारावीचा ओटा म्हणजे हाच फिना.

पडदा आणि शेजार

तीन फुटी गल्लीत समोरासमोर दोन दारे उघडी असली की एका घरातले जेवणाचे ताट दुसऱ्या घरातून दिसते. अशा ठिकाणी पडदा कसा सांभाळतात, असे बाहेरची माणसे विचारतात. उत्तर गल्लीत गेल्यावर मिळते. प्रत्येक दारावर कापडाचा पडदा असतो. पडदा बांधलेला असेल तर घर मोकळे आहे, या. सोडलेला असेल तर बाहेरून आवाज द्या. पुरुष गल्लीत शिरताना खोकतात किंवा मोठ्याने सलाम करतात. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय न जाण्याचा आदेश आहे. आणि दारात उभे राहताना समोर न राहता उजवीकडे किंवा डावीकडे राहण्याची पद्धत सुन्नतची आहे. अशा गल्लीत हे अदब पुस्तकात राहत नाहीत, रोजच्या चालण्यात येतात.

स्त्रियांसाठी ही जागा फार मोलाची आहे. ज्या घरांत सुनेने एकटीने बाजारात जाणे आवडत नाही, तिथेही ओट्यावर बसण्याला कुणाची हरकत नसते. तिथे ती बोलते, शिवणकाम शिकते, दवाखान्याचा पत्ता विचारते, रेशनचा अर्ज कसा भरायचा ते कळते. माझी एक विद्यार्थिनी दहावीच्या वर्षात समोरच्या ओट्यावर अभ्यास करायची. त्या घरी मराठी बोलणाऱ्या काकू होत्या. उर्दू माध्यमातल्या मुलीला मराठीचा पेपर अवघड जातो, हे सगळ्या शिक्षकांना माहीत आहे. काकू पोळ्या लाटता लाटता तिच्याकडून धडा मोठ्याने वाचून घ्यायच्या आणि उच्चार सुधारायच्या. मुलगी मराठीत चांगल्या गुणांनी पास झाली. शिकवणीचे पैसे द्यायला आई गेली, तर काकूंनी ईदचा शीरखुर्मा पाठवा म्हणून सांगितले.

रस्सा करताना पाणी जरा जास्त घाला आणि शेजाऱ्याची आठवण ठेवा, या अर्थाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. रमजानमध्ये मगरिबच्या आधी अर्धा तास धारावीच्या गल्लीत उभे राहिले तर ती डोळ्यांनी पाहता येते. झाकलेली ताटे एका दारातून दुसऱ्या दारात जात असतात आणि ती रिकामी परत येत नाहीत.

मय्यत आणि मंडप

लग्नाचा मंडप गल्लीतच पडतो, कारण हॉलचे भाडे परवडत नाही. त्या दिवशी आजूबाजूची आठ घरे आपापले ओटे मोकळे करून देतात. एका घरात स्वयंपाक, दुसऱ्यात बायका, तिसऱ्यात नवरीची सजावट. गणपतीचा मंडपही त्याच नाक्यावर असतो आणि ईद-ए-मिलादची कमानही. तारखा जवळ आल्या की दोन्हीकडची पोरे आधीच बसून ठरवतात, बांबू कुठे रोवायचे आणि वायर कुठून न्यायची.

दुःखाच्या दिवशी गल्लीची रुंदी जास्त जाणवते. माळ्यावर कुणाचा इंतकाल झाला तर मय्यत लोखंडी शिडीवरून उतरवावी लागते. गुस्लसाठी घरात जागा नसते, म्हणून ओट्याभोवती चादरी धरतात. जनाजा उचलला की अरुंद गल्लीत चार खांदे एका वेळी लागत नाहीत. पुढे एक, मागे एक, हातांवर पेलत नेतात आणि मोठ्या रस्त्याला लागल्यावर खांदेकरी भरभर बदलतात. तोवर गल्लीतली प्रत्येक मोटारसायकल कुणीतरी न सांगता उचलून बाजूला ठेवलेली असते आणि हिंदू शेजारी दारात हात जोडून उभे असतात.

हा शेजार कायमच असा होता असे नाही. १९९२-९३ च्या दंगलीत धारावीही होरपळली. वर्षानुवर्षे एका नळावर उभे राहिलेली माणसे एकमेकांना घाबरू लागली. नंतर वस्तीत मोहल्ला समित्या झाल्या. वकार खान आणि भाऊ कोरडे या धारावीच्या दोन कार्यकर्त्यांनी या काळात एकत्र काम केले. वेगवेगळ्या धर्मांच्या पोशाखातली मुले आणि "हम सब एक हैं" हा मजकूर असलेले त्यांचे पोस्टर दुकानांत आणि पोलीस चौक्यांत लागले. पोस्टर भिंतीवर लागले, पण तुटलेले बोलणे पुन्हा जोडले गेले ते ओट्यावर आणि नळावर, कारण तिथे रोज समोर यावेच लागते.

१ एप्रिल २०२० रोजी धारावीत कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला, तेव्हा ही जवळीकच भीतीचे कारण झाली. सामाईक शौचालयावर अवलंबून असलेल्या माणसाने घरात कोंडून कसे राहायचे? त्या काळात पालिकेचे कर्मचारी आणि खासगी डॉक्टर दारोदार तपासणीला गेले, शौचालये दिवसातून अनेकदा निर्जंतुक केली गेली, शाळा आणि हॉल विलगीकरणासाठी घेतले गेले. कोणाच्या घरात खोकला आहे, कोणाचा चुलीचा धूर दोन दिवस दिसला नाही, हे गल्लीला माहीत होते. साथ पसरायला गल्ली कारण होती आणि साथ आवरायलाही तिचाच उपयोग झाला.

गल्ली अरुंद का होते

वस्तीचे कौतुक करताना तिच्या त्रासावर पांघरूण घालणे बरोबर नाही. शौचालयासाठी सकाळी रांग असते. महिन्याचा पास काढून चालणारी स्वच्छ शौचालये काही ठिकाणी आहेत, काही ठिकाणी दारे तुटलेली आहेत. रात्री मुलींना तिथे एकटीने जाण्याची भीती वाटते. गटार उघडे असते आणि पावसाळ्यात ते ओट्यावर चढते.

या त्रासाचा बराच भाग सरकारच्या दुर्लक्षाचा आहे, आणि थोडा आपल्या हातचा. आज एकाने ओट्यावर भिंत घालून तो खोलीत घेतला की सहा महिन्यांत समोरचा तेच करतो. मग दोघेही नवा ओटा गल्लीत काढतात. आठ फुटांची गल्ली अशीच तीन फुटांची झाली आहे. वरच्या मजल्यांनी हात पुढे केले की खाली दुपारी बाराला दिवा लावावा लागतो. लोखंडी शिडी आपल्या हद्दीत बसत नाही म्हणून ती गल्लीत उतरते. कचऱ्याची पिशवी वरून खाली टाकली जाते. नाक्यावर रात्री दोनपर्यंत मुले मोटारसायकलींवर बसतात आणि मग मुलींना वाट बदलावी लागते.

नमाज, रोजा आणि हज यांची काळजी घेणारा माणूस गल्लीतला एक फूट गिळताना हरामाचा विचार करत नाही. जबरदस्तीने घेतलेल्या वीतभर जमिनीबद्दल किती कडक इशारा हदीसमध्ये आला आहे, ते आठवले तर हात थबकायला हवा. गल्ली कुणा एकाची नसते, ती प्रत्येकाकडे अमानत असते.

कागदावर नसलेली जागा

आता धारावीच्या पुनर्विकासाचे वारे जोरात आहे. योजना २००४ पासून चर्चेत होती, २०२२ च्या निविदेनंतर कामाला वेग आला आणि घरोघरी मोजणी झाली. १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्याच्या पात्र रहिवाशाला धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर, असे सांगितले गेले आहे. वरच्या मजल्यावरच्या आणि नंतर आलेल्या लोकांची सोय धारावीबाहेर. साहजिकच गल्लीत एकच प्रश्न चालतो, आपण पात्र की अपात्र?

प्रश्न खरा आहे. स्वतःचे पक्के घर, घरात नळ, घरात शौचालय ही सुखे ज्यांनी आयुष्यभर पाहिली नाहीत, त्यांना ओट्याच्या आठवणी सांगून थांबवणे अन्यायाचे होईल. रात्री शौचालयाला जाण्याची भीती ज्या मुलीने सोसली आहे, तिला इमारत हवीच आहे.

पण एक गोष्ट मोजणीत येत नाही. १९७१ च्या झोपडपट्टी कायद्यापासून आजपर्यंत, १९७६ च्या गणनेतल्या फोटोपासपासून आजच्या यादीपर्यंत, कागदावर नोंद होते ती खोलीची. ओट्याचे माप कुठेच लिहिलेले नसते. सामाईक चौकाचा मालक कोणी नसतो, म्हणून तो गेला तर नुकसानभरपाई मागायलाही कोणी येत नाही. एका कुटुंबाला ३५० चौरस फूट मिळाले, हे खरे. मात्र पापड वाळवण्याची, धागे कापण्याची, आजोबांनी बसण्याची, मुलांनी अभ्यास करण्याची जागा त्या हिशेबात नव्हतीच.

याचा परिणाम काय होतो ते मुंबईतच पाहायला मिळते. मानखुर्द भागात लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसनाच्या वसाहती आहेत. इमारती इतक्या जवळ की एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीला हात लागावा. तिथे झालेल्या अभ्यासात ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोग जास्त आढळला. गल्लीतून इमारतीत गेलेल्या बायका सांगतात, दार लावले की दिवस जात नाही. लिफ्ट बंद पडली की सासूबाई आठवडाभर खाली उतरत नाहीत. मधला बोळ अंधारा, म्हणून मुले मोबाइल घेऊन आतच बसतात. शेजारचे नावही माहीत नसते.

मागण्यासारख्या गोष्टी

म्हणून घर मागताना घराबाहेरची जागाही मागायला हवी. सोसायटीच्या बैठकीला बहुतेक पुरुष जातात आणि चौरस फुटांवर बोलून परत येतात. तिथे बायकांनी गेले पाहिजे, कारण ओट्यावर सगळ्यात जास्त वेळ त्यांचा जातो. प्रत्येक मजल्यावर दारापुढे बसण्याइतका रुंद, उजेडाचा व्हरांडा असावा. तळमजल्यावर बायकांना घरकाम करता येईल अशी झाकलेली जागा असावी. मुलांसाठी अभ्यासिका असावी. दोन इमारतींच्या मध्ये ऊन येईल इतके अंतर असावे. मय्यत आणि रुग्णाला आडवे नेता येईल अशी लिफ्ट आणि जिना असावा. नकाशा समोर आला की याच गोष्टी शोधाव्यात आणि दिसल्या नाहीत तर लेखी विचाराव्यात.

ज्यांना अजून काही वर्षे गल्लीतच राहायचे आहे, त्यांनीही वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पावसाळ्याआधी एका रविवारी गल्लीतल्या सगळ्या घरांनी मिळून गटाराची झाकणे पाहावीत. शिडी आणि पिंपे एका बाजूला घ्यावीत, म्हणजे दुसरी बाजू चालायला मोकळी राहील. शौचालयाच्या वाटेवर एक दिवा कायम जळावा, त्याचे बिल वाटून घ्यावे. जुमाच्या बयानमध्ये इमाम साहेबांनी वर्षातून दोन-चार वेळा तरी रस्त्याच्या हक्कावर बोलावे. संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ गल्लीत अभ्यासाची मानावी, त्या वेळी मोठ्या आवाजात काही लावू नये. हे शेवटचे काम मी दोन गल्ल्यांत होताना पाहिले आहे. त्याला पैसा लागला नाही, चार ज्येष्ठ माणसांनी एकदा घरोघरी जाऊन सांगितले तेवढेच.

आणि ज्यांना अल्लाहने मोठे घर, गच्ची, अंगण दिले आहे, त्या वाचक बहिणी-भावांनी आपल्या घरी काम करायला येणाऱ्या बाईला कधीतरी विचारावे, तुमची मुलगी अभ्यास कुठे करते? परीक्षेच्या महिन्यात गच्चीवरचा एक कोपरा, एक दिवा आणि एक चटई तिला देता आली, तर तोही शेजाऱ्याचा हक्क अदा करण्यातच येईल. अल्लाह आपल्या घरांना बरकत देवो, आणि आपल्या दारातून जाणारी वाट सगळ्यांसाठी सोपी करो. आमीन.